साडेआठचं माप

जुलै 2015 मध्ये नाशिक जिल्ह्याच्या येवला तालुक्यात, सायगावात रॉकेटनं पाऊस पाडण्याचा प्रयोग झाला. अशा रॉकेटमधून सिल्व्हर आयोडाइड ढगात नेतात. शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब त्या कणांवर गोठतात, जड होतात आणि खाली येतात. पण ढगात असे थेंब आधी असावे लागतात. नुसतं आभाळ भरून येणं पुरत नाही. दुष्काळानं होरपळलेल्या गावाला आशा दाखवण्यापूर्वी ही अट ठळकपणे सांगायला हवी.

त्याच नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्र्यंबकेश्वरात, पावसाची टंचाई नसते. ब्रह्मगिरी ढगात गडप झालेला. यात्रेकरू भिजतच कुशावर्ताकडे निघालेले. आणि पर्जन्यमापकाजवळ उभा असलेला माणूस घड्याळ बघतोय. देशभर पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला होते.

नरसाळं काढायचं, साठलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. पात्र तो डोळ्यांच्या रेषेत धरतो. काचेला लागून पाणी किंचित वर चढतं, मध्ये पातळी खोलगट राहते. वाचायची ती मधली. वरून थेंब पडू नये म्हणून दुसरा तळहात पात्रावर. हा तळहात फार मोलाचा आहे.

रॉकेट आणि पाऊस एकाच मराठी शास्त्रज्ञाच्या आयुष्यात एकत्र आले होते. 18 जुलै 1980 ला एसएलव्ही-3 नं रोहिणी उपग्रह कक्षेत पोचवला, तेव्हा वसंत गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. पुढे 1988 पासून त्यांच्या पुढाकारानं तयार झालेल्या 16 घटकांच्या प्रारूपावर मान्सूनचा अंदाज दिला जाऊ लागला. बरीच वर्षं तो जमला. 2002 मध्ये मात्र सरासरीच्या 101 टक्के सांगितलेला पाऊस 81 टक्केच पडला आणि प्रारूप बदलावं लागलं. चूक केवढी, हे कळलं ते गावोगावच्या अशा वह्यांमुळेच.

"पासष्ट झाले का, हेच सगळे विचारतात," पर्जन्यमापकाजवळचा माणूस म्हणतो.

65 मिलिमीटर. महसूल मंडळात चोवीस तासांत एवढा पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. भात-नागलीच्या नुकसानीचे कागद मग हलू लागतात. 64 ला अडू शकतात. आता त्यासाठी मंडळांमध्ये महावेधची स्वयंचलित केंद्रं आहेत, पण सह्याद्रीत डोंगराच्या दोन अंगांचा पाऊस सारखा नसतो. मंडळाला एखादंच केंद्र हा इथल्या शेतकऱ्यावर अन्याय आहे.

आजचा आकडा 58.2. पाड्यावरून आलेले एक आजोबा तो ऐकून चिडतात. "आमच्याकडं रात्री बांध फुटले, आवणी वाहून गेली. अन् पासष्ट पण नाही?"

"बाबा, हा इथला पाऊस. तुमच्याकडं मोजायला कोण आहे?"