ब्राउनसी शिबिर
बालवीर चळवळीचे पहिले प्रायोगिक उन्हाळी शिबिर. इंग्लंडमधील पूल या बंदराच्या परिसरातील ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ते ऑगस्ट १९०७ मध्ये भरविले. श्रीमंतांच्या निवासी शाळांतील विद्यार्थी व कामकरी कुटुंबांतील मुले एकत्र नांदतील काय, हीही त्याची एक कसोटी होती. सुमारे वीस मुलांचे लांडगा, बैल, डोमकावळा व कर्ल्यू पक्षी या नावांचे चार संघ करण्यात आले. संघाच्या वर्तनाची जबाबदारी मुलांतूनच नेमलेल्या संघनायकावर असे. कुडू हरणाच्या शिंगाच्या नादाने दिवस सुरू होई. निरीक्षण, वनविद्या, जीवरक्षण इ. विषय प्रत्यक्ष कृतीतून व खेळांतून शिकवीत. रात्री शेकोटीभोवती कथाकथन होई. प्रयोग यशस्वी झाला आणि स्काउटिंग फॉर बॉइज (१९०८) या ग्रंथाद्वारे संघपद्धतीचा सर्वत्र प्रसार झाला.