विजेच्या गाडीचा चार्जर घरी का अडतो?

घरी विजेची मोटारगाडी चार्जिंगला लावताच चार्जरवर तांबडा दिवा लागला, तर चार्जर बिघडला असे समजून तो दुरुस्तीस धाडण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष घराच्या अर्थिंगमध्ये असतो. दिवे व पंखे अर्थिंगवाचूनही चालतात, त्यामुळे ही उणीव वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. चार्जर मात्र बहुधा प्रथम अर्थिंग तपासतो व ते न आढळल्यास वीज घेत नाही.

उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातील माती सुकली की तिचा रोध वाढतो. चार्जर काढून ठेवून खड्ड्यात पाणी घालावे. गंजलेली जोडणी परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्यावी. अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून चार्जरला फसविण्याची युक्ती काही जण सांगतात. तसे कदापि करू नये. न्यूट्रल तुटल्यास गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते, आणि त्या पत्र्याला घरातील मुलांचाही हात लागू शकतो.

चार्जर तासाभराने बंद पडत असल्यास प्लग कढत लागतो काय ते पाहावे. १६ अँपिअरच्या सैल सॉकेटमधून तासन्‌तास प्रवाह वाहिल्यास ते वितळते. गावातील पंप सुरू होताच चार्जिंग थांबत असेल, तर विजेचा दाब उतरला असे समजावे व पंप बंद असतील ती वेळ साधावी.