गाठ नसली तरी सावध!

स्तनाचा कर्करोग म्हणजे स्तनातील गाठ, हे समीकरण आता घरोघरी पोहोचले आहे. ते खरे असले तरी पूर्ण सत्य नव्हे. काही वेळा हा रोग एखाद्या साध्या त्वचाविकाराच्या रूपात प्रकटतो आणि तेथेच फसगत होते.

१८७४ साली इंग्लंडमधील शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी अशाच एका विकाराचे वर्णन केले. स्तनाग्र लाल होते, खाजते, त्यावर खपली धरते, कधी त्यातून पाणी वा रक्त झिरपते. पाहणाऱ्यास ते इसब वाटते. मलमाने तात्पुरता आराम पडतो व दुखणे पुन्हा उफाळते. अशा बहुतेक रुग्णांच्या स्तनात कर्करोग दडलेला असतो. इसब बहुधा दोन्ही बाजूंस होतो. हा विकार मात्र सहसा एकाच बाजूस असतो.

दुसरा प्रकार दाहक कर्करोगाचा. तो विरळ, परंतु अतिशय वेगवान. काही आठवड्यांतच स्तन सुजतो, लाल व उष्ण होतो. त्वचेवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. कर्कपेशी त्वचेतील लसीकावाहिन्या तुंबवतात, म्हणून असे घडते. गाठ हाताला लागेलच असे नाही. मॅमोग्राफीतही ती नेहमी दिसत नाही. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेच्या बाबतीत तर 'दूध साचले असेल' असे म्हणून वेळ दवडला जातो. प्रतिजैविके घेऊन आठवडा-दहा दिवसांत सूज पूर्ण न ओसरल्यास तज्ज्ञांना भेटावे व बायोप्सीविषयी स्पष्ट विचारावे.

स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्वचेवर खळी पडणे, एकाच स्तनातून रक्तमिश्रित स्राव होणे, काखेत गाठ येणे, हीदेखील धोक्याची चिन्हे होत. वेदना नाही म्हणून निर्धास्त राहू नये. शंभरातील सुमारे एक रुग्ण पुरुष असतो, हेही ध्यानी असावे.

२०२२ साली भारतात या रोगाचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. उशिरा होणारे निदान हे त्यामागील एक मोठे कारण आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले.

संकोचापायी व घरकामाच्या धबडग्यात आपल्या माताभगिनी असे दुखणे अंगावर काढतात. घरातील माणसांनीच त्यांना आग्रहाने तपासणीस न्यावे. बरे न होणारी जखम लहान असली, तरी क्षुल्लक नसते.