एका विकराचा दोष आणि आजन्म खर्चाचा हिशेब

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अकस्मात गळू लागले, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक बुलढाणा जिल्ह्यात दाखल झाले. ते योग्यच झाले. परंतु अनेकांना एकाच वेळी झालेला रोग शासनाच्या दृष्टीस पडतो. एकाच घरातील एकाच मुलास झालेला रोग त्या घराचे नशीब ठरतो. वारंवार न्यूमोनिया, वाहणारे कान, न हटणारे जुलाब यांतच ज्याचे बालपण सरते, त्या मुलाच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजून पाहावीत, असे क्वचितच कोणाच्या मनात येते.

या रोगांपैकी एकाचे मूळ मोठे विलक्षण आहे. प्रथिने घडविणारी मानवी जनुके वीस हजारांच्या आसपास. प्रतिपिंडे मात्र अगणित प्रकारची. हा ताळेबंद जुळतो कसा, हे सुसुमु टोनेगावा यांनी दाखविले व 1987 चे नोबेल पारितोषिक मिळविले. रक्तातील बी पेशी जनुकांचे तुकडे निरनिराळ्या रीतीने जोडतात. प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी सुमारे 40, 23 व 6 तुकड्यांच्या तीन गटांतून एकेक घेतला, तरी साडेपाच हजार जुळण्या होतात. हलकी साखळी आणि सांध्यांवरील फेरफार निराळेच.

एवढ्याने भागत नाही. जंतूशी गाठ पडल्यावर ‘एआयडी’ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, कामास लागते. जपानमधील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने ते 1999 मध्ये उजेडात आणले. हे विकर प्रतिपिंडाच्या जनुकातील सायटोसीनचे युरासील करते. पेशी ती बिघाडी दुरुस्त करू जाते आणि त्या दुरुस्तीतूनच नवी उत्परिवर्तने उपजतात, नेहमीच्या सुमारे दहा लाख पट वेगाने. जंतूला अधिक घट्ट धरणारी प्रतिपिंडे ज्या पेशींची, त्या टिकतात. प्रारंभीच्या आयजीएम प्रतिपिंडाचे आयजीजी वा आयजीए वर्गात रूपांतर होते, तेही याच विकरामुळे.

आता या विकराच्याच जनुकात दोष आला तर? दोन्ही कामे थांबतात. आयजीएम रक्तात मुबलक राहते आणि आयजीजी जवळजवळ नसतेच. हे 2000 मध्ये रुग्णांत सिद्ध झाले. दोष विकराच्या शेपटाकडील भागात असेल, तर मात्र वर्गबदल तेवढा अडतो, सूक्ष्म फेरफार चालूच राहतात. उलट हेच विकर भलत्या जनुकावर चालले, तर लसिका पेशींचा कर्करोग उद्भवू शकतो.

बहुधा हा दोष मातापिता दोघांकडून आलेला असतो. सुनेच्या माथी खापर फोडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. दोषयुक्त जनुकाच्या वाहकाची मामेबहीणही वाहक असण्याचा संभव आठांत एक, आणि दोघे वाहक असता अपत्य रोगी होण्याचा चारांत एक.

उपाय आहे. दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून द्यावे लागते, वजनाच्या दर किलोमागे 400 ते 600 मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलास प्रत्येक वेळी 8 ते 12 ग्रॅम. मूल वाढते तशी मात्राही वाढते, आणि हे आयुष्यभर. औषध मानवी रक्तद्रवापासून तयार होत असल्याने स्वस्त नाही.

येथे अर्थशास्त्राच्या शिक्षकास बोलणे भाग आहे. आम्ही पहिल्याच वर्षी साठा आणि प्रवाह यांतील भेद शिकवितो. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ रोग धोरणाने प्रथम एकरकमी उपचारांना मदत देऊ केली व आजन्म उपचारांबाबत राज्यांकडे बोट दाखविले. 2022 मध्ये सर्वच गटांसाठी पन्नास लाखांपर्यंतची तरतूद झाली, हे मान्य. पण रक्कम ठोक आहे आणि रोग दरमहाचा. शिवाय ती मिळते ठरावीक केंद्रांतून. त्यांपैकी एक मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय. शेगाव वा मलकापूरहून तेथे जायचे तर रात्रभराची गाडी, आणि मुलाबरोबर जाणाऱ्याची मजुरी बुडालेली.

जनुकाची तपासणी मुंबईतच व्हावी, त्यास पर्याय नाही. परंतु आयजीजी, आयजीए व आयजीएम मोजण्याची साधी चाचणी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातून व्हावयास हवी. आणि निदान झाल्यावर औषधाची बाटली के. ई. एम.च्या नावे मंजूर होऊन खामगावच्या खाटेपर्यंत का येऊ नये, याचे उत्तर आरोग्य खात्याने द्यावे.