पलंगाखालचं जंक्शन

वन रूम किचनमध्ये रेल्वे? बायकोनं डोक्याला हात लावला आणि अट घातली, 'पलंगाखाली मावली तरच!' झालं, टेप घेऊन बसलो. एचओ स्केल तिथंच बाद. त्याचं नेहमीचं वळणच मीटरभर जागा खातं. मग एन स्केल: खऱ्या गाडीच्या १६०वा भाग, रुळांमधलं अंतर जेमतेम ९ मिलिमीटर. १२० बाय ६० सेंटिमीटरचा प्लाय, खाली चाकं. हौसेनं १५ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण टाकलं, तर लांब डबे धडाधड घसरले. २४.९ वर गाडी मार्गी लागली. आमचा सह्याद्री १८ सेंटिमीटर उंच, थर्माकोलचा. बोगदा मात्र हवाच. गाडी क्षणभर गायब झाली की लूप तेवढा लहान वाटत नाही. (वरचं झाकण निघणारं ठेवा, आत डबा अडकतोच!) पलंगाखाली धूळ फार, रूळ पुसले नाहीत तर इंजिन आचके देतं.

खरं तर हा खटाटोप बाबांसाठी. रेल्वेत गार्ड होते. गुडघ्यांमुळे आता तीन मजले उतरवत नाहीत. पहिल्या फेरीला काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या फेरीला चष्मा लावला. 'बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल कुठाय रे?'

सिग्नल आता तेच रंगवताहेत. माझ्याकडे फक्त धूळ पुसायचं खातं उरलंय.