माळरान, सागर आणि मरुभूमी : पश्चिम भारतातील अल्पपरिचित राष्ट्रीय उद्याने

राष्ट्रीय उद्यान म्हटले की घनदाट अरण्य, पाणवठा आणि वाघ हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. कॉर्बेट, कान्हा, काझीरंगा, ताडोबा ही नावे सर्वतोमुखी आहेत. परंतु देशात शंभरहून अधिक राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांतील अनेकांत वाघ नाही आणि काहींत तर वृक्षराजीही विरळ आहे. रॉजर्स आणि पनवार यांनी १९८८ मध्ये भारताची दहा जैवभौगोलिक क्षेत्रांत विभागणी केली. मरुभूमी, अर्धशुष्क प्रदेश आणि सागरकिनारा ही त्यांतील तीन स्वतंत्र क्षेत्रे होत. भावनगरहून निघून जामनगर, कच्छचे लहान रण आणि बाडमेरमार्गे जैसलमेरपर्यंतचा सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता या तिन्ही क्षेत्रांतून जातो. उघड्या, कोरड्या भूमीला ‘पडीक’ किंवा ‘ओसाड’ समजण्याची आपली सवय किती चुकीची आहे, हे या एकाच मार्गावरील चार संरक्षित क्षेत्रांचा विचार केल्यास स्पष्ट होते.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा या विषयाचा पाया आहे. या अधिनियमाच्या कलम ३५ नुसार राज्य शासन राष्ट्रीय उद्यान घोषित करते. तेथील जमिनीवरील खाजगी हक्क संपुष्टात आणावे लागतात आणि पाळीव जनावरांच्या चराईस बंदी असते. अभयारण्यात मात्र काही हक्क चालू ठेवता येतात, तसेच नियंत्रित चराईस परवानगी देता येते. २००२ च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ आणि ‘समुदाय राखीव क्षेत्र’ हे आणखी दोन प्रकार अस्तित्वात आले. हा फरक केवळ शाब्दिक नाही. संरक्षित क्षेत्रात राहणाऱ्या किंवा त्यावर उपजीविका करणाऱ्या माणसांचे स्थान त्यावरून ठरते.

वेळावदर : गवताचे अरण्य

भावनगर जिल्ह्यातील भाल या सपाट प्रदेशात वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ अवघे ३४ चौरस किलोमीटर आहे. पूर्वी ही भावनगर संस्थानची राखीव कुरणे होती आणि येथे पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार केली जाई. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये घोषित झाले. २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले, तेव्हा त्यांना जगवू शकेल अशा मोकळ्या भूमीची आपल्याकडे किती वानवा आहे, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

वेळावदरला काळविटांखेरीज लांडगा, तरस आणि नीलगाय आढळतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. दिवसभर आसपासच्या शेतांवर व कुरणांवर टोळ, नाकतोडे टिपून सायंकाळी ते उद्यानातील गवतात जमिनीवरच विसावतात. त्यांच्या सामूहिक रात्रथाऱ्याचे हे जगातील एक मोठे ठिकाण मानले जाते. पावसाळ्यात तणमोर या दुर्मीळ पक्ष्याचा विणीचा हंगाम असतो. नर उंच गवतातून वारंवार उड्या मारून मादीचे लक्ष वेधतो. गवत नाहीसे झाले तर हे प्रियाराधन आणि त्याबरोबर ही जातही संपते.

येथील मोठे संकट म्हणजे वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती खारवट जमिनीचा प्रसार रोखण्यासाठी आणि सरपणासाठी लावली गेली. तिच्या गोड शेंगा जनावरे खातात, काळवीटही खातात आणि विष्ठेतून बिया दूरवर पसरतात. म्हणजे ज्या प्राण्यासाठी कुरण राखले, तोच नकळत कुरणाचा शत्रू पसरवतो. ‘झाडे लावली की पर्यावरण सुधारते’ हे विधान माळरानाला लागू पडत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जामनगर : ओहोटीत उघडणारे उद्यान

राजकोटमार्गे पश्चिमेकडे गेल्यावर कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा लागतो. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले येथील सागरी राष्ट्रीय उद्यान हे भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान होय. संरक्षित क्षेत्रात ४२ बेटे येतात. प्रवाळ पाहण्यासाठी सामान्यतः पाण्याखाली उतरावे लागते. येथे मात्र भरती-ओहोटीतील अंतर इतके मोठे आहे की, ओहोटीच्या वेळी नरारा येथे घोटाभर पाण्यातून चालत प्रवाळ, समुद्रफूल, तारामासा, क्वचित अष्टपाद यांचे निरीक्षण करता येते.

आखाताचे पाणी गढूळ आणि तापमानातील चढउतार तीव्र असूनही येथील प्रवाळ तग धरून आहेत. किनाऱ्यावरील खारफुटी लाटांचा जोर कमी करते, गाळ अडवते आणि माशांच्या पिलांना आसरा देते. याच किनाऱ्यावर खनिज तेलाचे शुद्धीकरण प्रकल्प आणि बंदरे आहेत. सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना, २०१९ अन्वये प्रवाळ आणि खारफुटी यांचा समावेश सर्वाधिक संवेदनशील वर्गात होतो. तथापि समुद्राला कुंपण घालता येत नाही. उद्यानाच्या हद्दीबाहेर सांडलेले तेल किंवा उपसलेला गाळ प्रवाहाबरोबर आत येतोच. म्हणून येथे संरक्षणाचा अर्थ संपूर्ण आखाताचे नियोजन असा घ्यावा लागतो.

लहान रण : मीठ आणि रानगाढव

जामनगरहून ईशान्येकडे ध्रांगध्र्याला पोहोचले की कच्छच्या लहान रणाची कड लागते. सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटर पसरलेले हे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान नसून अभयारण्य आहे, ही बाब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. पावसाळ्यात नद्यांचे आणि समुद्राचे पाणी येथे पसरते. हिवाळ्यात तेच भेगाळलेल्या खारट चिखलाचे मैदान होते. मधूनमधून असलेल्या उंचवट्यांना स्थानिक लोक ‘बेट’ म्हणतात. पावसाळ्यात ती खरोखरच बेटे असतात आणि त्यांवरील गवतावर रानगाढवे जगतात.

भारतीय रानगाढव किंवा ‘घुडखर’ ही उपजाती एकेकाळी मोठ्या प्रदेशात होती. विसाव्या शतकाच्या मध्यात रोगराईमुळे तिची संख्या काही शेकड्यांवर आली. संरक्षणानंतर ती सावरली असून २०२४ च्या गणनेत ७,६७२ रानगाढवे आढळली. या यशातून नवा प्रश्नही उद्भवला आहे. कालव्यांमुळे रणाच्या कडेला शेती वाढली, रानगाढवे पिकांत शिरू लागली आणि शेतकऱ्यांचे नुकसान होऊ लागले.

याच रणात अगरिया समाज पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवत आला आहे. पाऊस ओसरल्यावर कुटुंबे रणात येतात, विहिरीतून खारे पाणी उपसून आगरांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ तयार करतात. आता अनेक ठिकाणी डिझेल पंपांची जागा सौरपंपांनी घेतली आहे. अभयारण्याच्या सीमेत त्यांचे हक्क किती, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा राहिला आहे.

मरुभूमी : माळढोक आणि वीजवाहिन्या

राधनपूर, थराद, सांचोर आणि बाडमेर या मार्गाने जैसलमेर गाठता येते. येथील मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. नाव ‘राष्ट्रीय उद्यान’ असले तरी राजस्थान वन विभाग त्याची गणना अभयारण्यांत करतो. त्याच्या सीमेत अनेक गावे असून पशुपालन हाच तेथील मुख्य व्यवसाय आहे. वाळूच्या टेकड्या हा या प्रदेशाचा केवळ एक भाग आहे. उरलेल्या भागात खडकाळ माळ, सेवण गवताची कुरणे आणि खेजडीची झाडे आहेत. चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि गिधाडे येथे दिसतात.

या उद्यानाचे खरे महत्त्व माळढोकामुळे आहे. सोलापूरजवळील नान्नजमुळे महाराष्ट्राला परिचित असलेला हा पक्षी आज मुख्यतः थरच्या वाळवंटात उरला असून त्याची संख्या सुमारे १५० मानली जाते. मादी बहुधा एकच अंडे घालते. पक्षी वजनदार असतो आणि त्याची समोरची दृष्टी मर्यादित असते. त्यामुळे उडताना उच्चदाब वीजवाहिन्या वेळेवर दिसत नाहीत आणि धडकेत मृत्यू ओढवतो.

नेमक्या याच भूमीवर देशातील सौर व पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे राहत आहेत. वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला. दरम्यान सम आणि रामदेवरा येथील प्रजनन केंद्रांत माळढोकांची पैदास सुरू असून २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. परंतु केंद्रात वाढलेल्या पक्ष्यांना सोडण्यासाठी बाहेर सुरक्षित माळरान असल्याखेरीज हा प्रयत्न अपूर्णच राहील.

‘पडीक’ शब्दाचा फेरविचार

या चारही ठिकाणांना जोडणारा धागा भू-वर्गीकरणाचा आहे. केंद्रीय भूसंसाधन विभागाच्या पडीक भूमी नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि वाळूचे प्रदेशही समाविष्ट होतात. पडीक म्हणून नोंदलेली जमीन वनीकरणाला, उद्योगाला किंवा ऊर्जा प्रकल्पाला देणे प्रशासनाला सोपे वाटते. त्या जमिनीवरील गवत, तेथे चरणारी गुरे आणि वीण करणारे पक्षी यांची नोंद त्या रकान्यात होत नाही.

हरित ऊर्जा ही देशाची गरज आहे आणि माळढोकाचे अस्तित्व हे घटनेच्या कलम ४८अ व ५१अ(ग) यांतून येणारे कर्तव्य आहे. या दोहोंतून एकाचीच निवड करावी लागेल असे नाही. प्रकल्पांची जागा निवडतानाच महत्त्वाचे अधिवास वगळणे, संवेदनशील पट्ट्यांत वाहिन्या भूमिगत करणे, कुरणांतील वेडी बाभूळ हटवणे आणि पशुपालक व अगरिया यांना संरक्षणात भागीदार करून घेणे हे मार्ग उपलब्ध आहेत. त्यासाठी माळरान हीच एक परिपूर्ण परिसंस्था आहे, हे नियोजनाच्या पहिल्या टप्प्यावर मान्य व्हावयास हवे.