दुर्बिणीच्या डोळ्याला कॅमेऱ्याचा डोळा

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी भिगवणला गेलं आहे का? पुणे जिल्ह्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी हे गाव आहे. थंडीत इथे रोहित पक्षी येतात आणि थेट हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही उतरतात. पट्टकादंब म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव.

गेल्या जानेवारीत शाळेतली मुलं घेऊन मी तिथे गेले होते. ओळखीच्या एका काकांनी त्यांची स्पॉटिंग स्कोप दिवसभर वापरायला दिली होती. ही एका डोळ्यानं पाहायची, तिपाईवर ठेवायची मोठी दुर्बीण. हिच्यातून लांबचा पक्षी वीस ते साठपट मोठा दिसतो. मुलं रांगेनं डोळा लावत होती. एवढ्यात चौथीतली एक मुलगी ओरडली, "बाई, याच्या गळ्यात पट्टा आहे! त्यावर अक्षरं पण आहेत!"

मी पाहिलं. खरंच होतं! मंगोलियात शास्त्रज्ञ पट्टकादंबांच्या गळ्यात असे रंगीत पट्टे घालतात. प्रत्येक पट्ट्यावरची खूण वेगळी. ती वाचून कळवली, की तो पक्षी कुठून निघाला आणि कुठवर पोचला याची नोंद होते. मी लगेच मोबाइल काढला, दुर्बिणीच्या भिंगाला टेकवला आणि भराभर अकरा फोटो काढले. तेवढ्यात थवा उडाला.

परतीच्या बसमध्ये फोटो पाहिले. निम्मे चक्क काळे! उरलेल्यांत पट्टा दिसत होता, पण हललेला. मधलं अक्षर 'सी' की 'जी', यावरून बसमध्ये भांडण जुंपलं. ती मुलगी म्हणे, "बाई, मी बघितलंय, सीच होता." तिचं खरंही असेल. पण अक्षर चुकलं तर भलत्याच पक्ष्याची नोंद होणार. म्हणून मी ती कळवली नाही. बिचारी खट्टू झाली, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

फोटो काळे का आले? याचं उत्तर तुम्हाला घरीही पाहता येईल. दुर्बीण उजेडाच्या खिडकीकडे रोखा (सूर्याकडे चुकूनही नाही हं! डोळे कायमचे जातील). आता डोळा लावायच्या भिंगामागे पांढरा कागद धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका ठिकाणी कागदावर प्रकाशाची छोटीशी, रेखीव टिकली दिसेल. पुढच्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर असेल आणि दुर्बीण २० पट दाखवत असेल, तर ही टिकली ६० भागिले २०, म्हणजे ३ मिलिमीटरची. ६० पट केलं, की फक्त १ मिलिमीटर! दुर्बिणीतला सगळा उजेड त्या टिकलीतून बाहेर येतो. कॅमेऱ्याचं भिंग नेमकं तिथे हवं. जरा बाजूला सरकलं, की फोटोत काळी चंद्रकोर येते. मागे गेलं, की चित्राभोवती काळी कडी. आणि हात तर सगळ्यांचाच हलतो!

१९९९ साली मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी निकॉन कूलपिक्स ९५० हा छोटा डिजिटल कॅमेरा असाच स्पॉटिंग स्कोपला लावून पाहिला. फोटो इतके सुरेख आले, की जगभरचे पक्षीमित्र तसं करू लागले. या प्रकाराला 'डिजिस्कोपिंग' असं नावही पडलं. त्या कॅमेऱ्याची एक सोय होती. त्याचं भिंग झूम करताना बाहेर येत नसे आणि काठाला २८ मिलिमीटरचे आटे होते. त्यामुळे आट्यांवर कडी फिरवून बसवली, की काम झालं. ही कडी म्हणजेच ॲडॅप्टर.

आज आपल्या हाती मोबाइल असतो आणि त्याला आटे नसतात. मग दोन वाटा उरतात. एक, ठरावीक मोबाइल आणि ठरावीक दुर्बीण यांच्यासाठीच बनवलेलं कव्हर. ते चटकन बसतं, हलत नाही. पण मोबाइल बदलला की वाया! दुसरा, चिमट्याचा ॲडॅप्टर. त्याचे स्क्रू फिरवून कुठलाही मोबाइल पकडता येतो, मात्र दर वेळी भिंगाशी भिंग जुळवत बसावं लागतं. (मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग काढून तिथे नळी लावायचा तिसरा प्रकारही आहे. पण त्या वजनानं दुर्बीण मागे कलते. तो आपल्या कामाचा नाही.) आमच्याकडे कधी माझा मोबाइल, कधी कुणाच्या बाबांचा. म्हणून मी चिमटा निवडला. घरात एकच मोबाइल वर्षानुवर्षं वापरणार असाल, तर कव्हर बरं.

घ्यायच्या आधी एक माप हवंच, दुर्बिणीच्या मागच्या नळीची जाडी. आमच्या मुलांनी ते असं काढलं. नळीभोवती दोरा गुंडाळला, मग तो पट्टीवर धरला. भरला १५७ मिलिमीटर. भागिले ३.१४, म्हणजे व्यास ५०. गणिताचा तास तिथेच झाला! दुकानात हाच आकडा सांगायचा. चिमट्याला आतून रबर किंवा स्पंज आहे ना, तेही पाहायचं, नाहीतर दुर्बिणीला ओरखडे येतात.

पालकांनो, मोबाइलला दोन-तीन भिंगं असतील तर मुख्य भिंगच जुळवा. जास्त झूम केलं, की काही मोबाइल आपणहून दुसऱ्या भिंगावर उडी मारतात आणि पडदा काळा होतो. दुर्बीण आधी २० पटींवरच ठेवा. फोटो काढताना बोटाचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

फेब्रुवारीत आम्ही चिमटा घेऊन पुन्हा भिगवणला गेलो. पट्टेवाला पट्टकादंब काही दिसला नाही. पण लांबच्या एका रोहिताचा फोटो असा आला, की चोचीवरून गळणारा पाण्याचा थेंबही मोजावा! फोटो त्याच मुलीनं काढला. मार्च-एप्रिलमध्ये पट्टकादंब उत्तरेला परत गेले. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही अक्षरं लिहून ठेवली आहेत, आणि मधे प्रश्नचिन्ह.